सहा शब्दांची पिन

चाचणी अकराला होती, आणि आता कुठे सकाळचे साडेआठ वाजले होते.

ताईच्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसून तो हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचत होता. मनातल्या मनात, ओठही न हलवता. लहानपणापासून तो सगळं असंच वाचत आला होता. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या घरातून आल्यासारखा परका वाटे, म्हणून तो आवाज त्याने फारसा वापरलाच नव्हता.

त्याच्या कारखान्यात एक खुर्ची तयार होत असे. लिफ्ट बंद पडली, की आजारी माणसाला जिन्यावरून सुखरूप खाली उतरवणारी. खुर्च्या दूरदूरच्या देशांत जात, म्हणून पाठीवर चिकटवायचा सूचनांचा कागद इंग्रजीत असे. तो लिहिण्याचं काम सहा महिन्यांपूर्वी त्याला मिळालं होतं. त्याआधी तो गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या डकवत होता.

कारखान्याचा एक रिवाज होता. ज्याने ती खुर्ची जन्मात पाहिलेली नाही असं कुणीतरी रस्त्यावरून बोलावून आणायचं. त्याने कागद मोठ्याने वाचत वाचत, खुर्चीत बसलेल्या माणसाला दोन मिनिटांत एक मजला खाली न्यायचं. ते जमल्याशिवाय कागद छापायला जात नसे. लिहिणाऱ्याने तिथे उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही. त्याचा कागद दोनदा नापास झाला होता. आधी टपालवाला अडला, मग फुलवाली अडली. दोघंही चौथ्या ओळीवरच. आज तिसरी वेळ. आज हुकलं, की कागद बाहेरच्या एजन्सीकडे जाणार आणि तो परत गोदामात.

"अरे, इतका बघतोयस त्या कागदाकडे, की त्यालाही लाज वाटेल," ताई म्हणाली. "वाचून दाखव की मला."

"नको गं."

"मग आण इकडे." तिने पाय मशीनवरून काढला आणि कागद हिसकावून घेतला. इंग्रजी तिला जेमतेम येई, पण वाचायला ती कधी कचरत नसे. "फर्स्ट फास्टन फूट... फस फस... अरे, ही सूचना आहे की फुगा फुटलाय?" ती हसली आणि खाली सरकली. "पुल द चेअर बॅक हँडल लॉक रिलीज पिन." तिला धाप लागली. "आणि श्वास कुठे घ्यायचा?"

"ते एकच नाव आहे, ताई. एका भागाचं."

"एक? सहा शब्द मोजले मी. यातलं ओढायचं काय? चेअर, बॅक, हँडल, का लॉक?"

"पिन."

"ती तर पार शेवटी आली! तोवर माझा हात हँडलवर गेलासुद्धा."

त्याला एकदम आठवलं. टपालवाल्याने हँडल ओढलं होतं. फुलवालीनेही हँडलच ओढलं होतं.

ताईने मशीनवरचं कापड उचललं. एका शर्टाच्या कॉलरपाशी कापडाचे पदर एकावर एक येऊन जाड गाठ झाली होती. "हे बघ. एवढे पदर एकत्र आले की सुई मोडते. मग सुईला शिव्या देऊन काय उपयोग? मी मधले कापून टाकते. वरून काही कळत नाही, आणि सुई सरळ जाते."

तो ताडकन उठला. स्टूल कलंडलं.

"अरे, डबा! तुझा डबा राहिला!"

पण तो केव्हाच रस्त्याला लागला होता. चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की आपण मोठ्याने बोलतो आहोत. पुल द पिन. पुल द पिन. एका म्हातारीने वळून बघितलं. एरवी तो शरमेने जमिनीत गेला असता, आज मात्र हसला. सहा महिने ते सहाही शब्द त्याने रोज पाहिले होते, इतके रोज, की डोळा ते एकाच घासात गिळत होता. लेखन विभागात सगळे तसेच गिळत होते. त्या शांत, पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडणाऱ्या खोलीत कुणी कधी एक ओळही मोठ्याने वाचली नव्हती. वाचण्याचं काम रस्त्यावरच्या माणसाचं. आणि तो अडला, की दोष त्याच्या डोक्याचा!

दहाच्या आत त्याने कागद नवा केला. 'फर्स्ट फास्टन फूट स्ट्रॅप'च्या जागी 'टाय बोथ फीट.' आणि चौथी ओळ... तिथे तो थांबला. खुर्चीला पिना तीन होत्या, तिन्ही करड्या. कुठली ओढायची हे सांगण्यासाठीच तर इंजिनिअरांनी तिला सहा शब्दांची शेपूट लावली होती.

त्याने लिहिलं: पुल द रेड पिन.

आता पिन लाल हवी होती. आणि खुर्चीवर रंगाचा ठिपका लावायचा, तरी सही लागायची ती मोठ्या इंजिनिअरची, ज्यांना सगळे पाठीमागे 'नटबोल्ट' म्हणत.

त्यांच्या दारापाशी त्याचे पाय दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा तो आत गेला.

"पिन रंगवायची?" नटबोल्टसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "का? काय लग्न आहे तिचं? अहो, तिला नाव आहे. यादीत आहे, नकाशात आहे. नाव तोडलं की भाग हरवतो. दोन्ही वेळा माणसंच मठ्ठ आणलीत तुम्ही."

दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. गोदामातली ती ओलसर खोकी, ती डिंकाची बाटली त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"साहेब, तुम्ही एकदा वाचाल का? जुनी ओळ. मोठ्याने. जिन्यात धूर झालाय असं समजून."

"हा काय पोरखेळ?"

"एकदाच, साहेब."

साहेबांनी घसा खाकरला. नाव त्यांनीच ठेवलं होतं. ते काय अडणार! "पुल द चेअर बॅक हँडल रिलीज... लॉक हँडल..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच घसरले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढून त्यांनी नवा कागद पुढे घेतला.

"एका बोटाएवढाच रंग," ते शेवटी म्हणाले आणि सही केली. "आणि हे बाहेर बोलायचं नाही."

"नाही, साहेब."

रंगखात्यातल्या काकांनी पिन रंगवली तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. "वाळायला तासभर लागेल हो," ते म्हणाले. तेवढा वेळ कुणाकडे होता?

आज समोरच्या दुकानातला न्हावी आला होता. खांद्यावर टॉवेल, कानामागे कंगवा. "इंग्रजी येतं ना?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

"बाटल्यांवरचं सगळं वाचतो, बाई. केस गळणं थांबवतो म्हणतात, ते खोटं असतं, एवढंही समजतं."

बाई स्वतः खुर्चीत बसल्या. नटबोल्टसाहेब जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. घड्याळाचं बटण दाबलं गेलं.

"ओपन द चेअर," न्हावी खणखणीत वाचू लागला. "उघडली. सिट द पर्सन डाऊन. बाई, तुम्ही आधीच बसलात, शहाण्या आहात. टाय बोथ फीट." त्याने पट्टे आवळले. "जास्त आवळले का? नाही? मग पुढे. पुल द रेड पिन."

तो मागे गेला. लेखकाने श्वास रोखला. न्हाव्याचा हात हँडलवरून गेला, थांबला नाही, आणि सरळ लाल पिनेवर पडला. खट्! खुर्चीखालचे, पायऱ्यांवरून सरकणारे रबरी पट्टे मोकळे झाले.

आणि न्हावी ओरडला, "रक्त!"

बोट लालभडक झालं होतं. पण त्याने बोटाकडे बघितलंही नाही. धावत पुढे आला आणि बाईंची मान उजवी-डावी करून तपासू लागला. "कुठे लागलं, बाई? कुठे?"

"अहो, मला काही नाही झालं! मला खाली न्या!"

एक मिनिट वीस सेकंद. ओला रंग, एवढे दोनच शब्द लिहिणाऱ्याच्या जिभेवर येऊन बसले होते. आयुष्यभर गप्प राहणं त्याला सोपं गेलं होतं. आज ते दातांखाली धरून ठेवावं लागत होतं. नटबोल्टसाहेबांच्या मुठी वळल्या होत्या, तेही तेवढेच गप्प.

न्हाव्याने बोट नाकाशी नेलं. "अरेच्चा! रंग आहे हा." त्याने बोट कागदावरच पुसलं आणि पुढची ओळ शोधली. "टिल्ट बॅक. गो डाऊन. चला बाई, निघाली आपली वरात!"

खुर्ची मागे कलली आणि जिन्यावरून उतरू लागली. एकेका पायरीवर रबरी पट्ट्यांची लयबद्ध घरघर होत होती, आणि त्याला वाटलं, आपलं काळीजही तिच्यासोबत एकेक पायरी उतरतं आहे. पाच पायऱ्या, चार, दोन. चाकं फरशीला लागली.

"एक बावन्न!" साहेब ओरडले, आणि आपण ओरडलो हे लक्षात येताच चष्मा पुसू लागले.

बाई खुर्चीतूनच हसत म्हणाल्या, "छापायला पाठवा. फक्त पिन आधी वाळू द्या."

टाळ्या वाजल्या. न्हाव्याने कागद लिहिणाऱ्याच्या हाती दिला. चौथ्या ओळीवर लाल बोटाचा ठसा उमटला होता. त्याने तो कागद जपून घडी करून खिशात ठेवला. ताईला दाखवायचा होता.

दुपारी नटबोल्टसाहेब लेखन विभागाच्या दारात आले. त्यांच्या काखेत दुसऱ्या खुर्चीचे जुने कागद होते, वीतभर जाडीचे. त्यांनी ते त्याच्या टेबलावर ठेवले, खुर्ची ओढून समोर बसले आणि हाताची घडी घातली.

"वाचा," ते म्हणाले. "मोठ्याने. मी अडवीन तिथे खूण करा."

सगळ्या माना वर झाल्या. त्याने पहिलं पान उघडलं, घसा साफ केला आणि त्या शांत खोलीत वाचायला सुरुवात केली. आवाज किंचित कापत होता. पण तो त्याचाच होता.