कानसेनांचा डावा कान

मित्रांनो, गाणी ऐकायचा हेडफोन तुम्ही पाहिलाच असेल. मी दिसतो तसाच, पण माझे काम अगदी उलटे. मी आवाज अडवतो. मी एक जुना इअरमफ आहे. दोन वाट्या, त्यांना मऊ गाद्या आणि डोक्यावरून जाणारी एक पट्टी, एवढाच माझा संसार.

साच्यातून निघालो आणि थेट गॅसच्या केंद्रात कामाला लागलो. तिथल्या दालनात तीन प्रचंड कॉम्प्रेसर होते. लांबवर जाणाऱ्या नळांतून ते गॅस पुढे ढकलत. तिघे सुरू झाले, की शेजारी उभा माणूस कितीही ओरडला तरी त्याचे फक्त ओठ हलताना दिसत.

माझे मालक तिथले सर्वांत जुने ऑपरेटर. सगळे त्यांना कानसेन म्हणत. नुसत्या आवाजावरून मशीनचे दुखणे ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यासाठी ते माझी डावी वाटी कानामागे सरकवून ठेवत. "कान झाकून मशीनची नाडी कशी कळणार?" असे वर विचारत. मित्रांनो, माझ्या जिवाची नुसती घालमेल होई. उजवीकडे मी डोळ्यांत तेल घालून पहारा देतो आहे आणि डावीकडे दार सताड उघडे! मला हात असते, तर मीच वाटी जागेवर ओढली असती.

अशी अकरा वर्षे गेली. घामाने माझ्या गाद्या कडक झाल्या, त्यांना चिरा पडल्या आणि उजवीकडूनही आवाज आत शिरू लागला. "नवीन गाद्या बसवून घ्या," असे कोणी म्हटले, की उत्तर ठरलेले, "चालतंय की अजून."

जेवणाच्या सुट्टीत घरून बायकोचा फोन येई. तो ते स्पीकरवरच लावत.

"अगं, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

"पुटपुटतेय? शेजारीण येऊन विचारून गेली, भांडण कोणाशी चाललंय म्हणून!"

सगळे हसत. कानसेनही हसत. मला मात्र हसू येत नसे.

दरवर्षी कानांची तपासणी होई. सिस्टर यंत्राची कळ दाबून कानांवरच्या हेडफोनमध्ये बारीक बारीक आवाज सोडत आणि तो ऐकू आला की हातातले बटण दाबायचे. कान कमजोर झालेल्या माणसाला दालनातून हलवत. कानसेनांचा तर सारा जीव त्या दालनात. म्हणून ते सिस्टरांच्या बोटांवर नजर ठेवत आणि बोट हलले, की बटण दाबत. मी त्यांच्या मांडीवरून सारे पाहत होतो. पण सांगणार कोणाला?

मग एका सकाळी दुरुस्तीसाठी तिन्ही कॉम्प्रेसर बंद केले. काम झाल्यावर नळांत पुन्हा गॅस भरला. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी ओतून गळती तपासायची, असा नियम होता. पण कानसेन जोडाशी डावा कान नेऊन "ठीक आहे" म्हणाले, की बादलीला कोणी हात लावत नसे. त्या दिवशीही ते वाकले आणि म्हणाले, "ठीक आहे. करा सुरू."

"काका, थांबा!" फिटरचे काम करणारी तरुण मुलगी पुढे आली. "इथून सूं सूं येतंय."

"पोरी, तुझ्या वयाइतकी वर्षं मी हे मशीन ऐकतोय."

"असेल, काका. पण मला ऐकू येतंय, त्याचं काय करू?"

तिने पाणी ओतले. जोडावर भराभर फुगे उठले. मशीन सुरू झाले असते, तर एक ठिणगी पुरली असती. गॅसची झडप बंद झाली, माणसे बाहेर पळाली. कानसेन सर्वांत शेवटी निघाले. त्यांनी जोडाशी पुन्हा एकदा कान नेऊन पाहिला होता.

तसेच ते सिस्टरांकडे गेले. "सिस्टर, आजवर मी तुमची बोटं बघून बटण दाबलं. आज भिंतीकडे तोंड करून बसतो."

डाव्या कानाची तपासणी सुरू झाली. मी मांडीवर होतो. दाबा, आता तरी दाबा, असे मी मनात म्हणत राहिलो. बोट बटणावरच होते. ते हलले नाही. खूप वेळाने सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कानसेनांनी विचारले, "सुरू कधी करणार?"

मित्रांनो, डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नसतात. गेलेला कान कोणत्याही औषधाने परत येत नाही. म्हणून जिथे गोंगाट असेल, तिथे आमच्या दोन्ही वाट्या कानांवर नीट बसवा. माझे एवढे ऐका, तुम्हांला ऐकू येते आहे तोवर.