भोक न पाडलेले ड्रम

लष्करी डेपोतला विषारी रसायनांचा रिकामा ड्रम फाटकाबाहेर नेण्याआधी त्याच्या बुडाला भोक पाडावे, असे कंत्राटात स्वच्छ लिहिले होते. कलम नागेशनेच घातले होते. गोकुळ रोडवरच्या एका कंपनीत तो सफाईची कंत्राटे सांभाळी. कलमे घालण्याची त्याला विलक्षण हौस होती. ती पाळली जातात का, हे पाहण्याची नव्हती. ड्रम उचलणारा वादिराज हसून म्हणाला होता, "साहेब, भोक पाडलं की भंगार, नाही पाडलं की भांडं. तुम्ही शिकलेले. चांगलं भांडं कोण फोडतं?" ड्रम डांबरवाल्यांकडे जात असतील, अशी स्वतःची समजूत घालून त्या शिकलेल्याने सारे नष्ट झाल्याच्या दाखल्यावर सही केली. राज्ये अशाच सुवाच्य सह्यांवर चालतात.

२००३च्या वैशाखात तो भाचीच्या लग्नाला अळणावरजवळच्या खेड्यात गेला. तिथे लग्नघरी पाणी साठवायला शेजारी आपापले ड्रम आणून देतात. तोही एक आहेरच. मांडवाच्या कडेला चुन्याने रंगवलेले, हळदीकुंकवाची बोटे ओढलेले ड्रम उभे होते. एकावरचा चुना ओघळला होता. खाली डेपोत विषाच्या ड्रमांवर मारतात तो पिवळा पट्टा होता.

वऱ्हाड पाणी पीत होते.

"ओतून टाका हे," नागेश म्हणाला.

"बेड अण्णा, बेड! नको!" धाकटी बहीण, नवरीची आई अनसूया, धावत आली. "लग्नाचं पाणी कुणी ओततं का?"

"मामाला सकाळीच चढली!" व्याह्यांकडून कुणीतरी ओरडले. मांडव हसला.

खरे सांगितले तर नोकरी गेली, कदाचित तुरुंगही. समोर नवरी, भारती, पेला ओठाला लावत होती. नागेशने तो हिसकावला, चुलाण खणायची पहार उचलली आणि ड्रमच्या बुडात हाणली. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.

"विष आहे! डेपोतलं विष! मीच बाहेर जाऊ दिलंय!"

वाजंत्री थांबली. चिखलात उभ्या अनसूयेचा आवाज अगदी खाली गेला. "अण्णा, आमच्या घरातला ड्रम असलाच आहे. उन्हाळाभर त्यातलंच पितोय. शेजारच्या वत्सलाअक्काकडंही आहे. अजून कुणाकुणाकडं?"

कागदोपत्री उत्तर तयार होते: कुणाकडेच नाही.

नागेश पहार घेऊन गावातल्या पहिल्या दाराकडे चालू लागला. आता कुणी हसत नव्हते.