आतड्याची भिंत आणि माझी ऊब

मित्रांनो, माझ्या पोटात हात घातलात तर तुम्हाला तो आपल्याच काखेत घातल्यासारखा वाटेल. तेवढीच ऊब आणि तेवढाच ओलावा. मी एक जुना इन्क्युबेटर आहे. विद्यापीठाच्या विषशास्त्र विभागात, जिन्यालगतच्या प्रयोगशाळेत, उन्हाची तिरीप पोचणार नाही अशा कोपऱ्यात मी उभा असतो. दिसायला मी फ्रीजसारखा आहे, त्यामुळे नवखे लोक माझ्यात पाण्याची बाटली गार करायला ठेवायला येतात. तासाभराने ती अंगाइतकी कोमट होऊन मिळाली की ते माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्यांना फसवले!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आत चकचकीत पोलाद, बाहेर पांढरा रंग आणि एकामागे एक दोन दारे, आतले काचेचे आणि बाहेरचे जाडजूड. माझ्या दाराला रबर बसवणाऱ्या कारागिराने ते चारदा उघडून लावून पाहिले आणि तो म्हणाला, "हं, आता मुंगीचीसुद्धा आत जायची टाप नाही." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. पुढे मला इथे आणले तेव्हा मी प्रयोगशाळेच्या दारातच अडकलो. ना आत, ना बाहेर. हमाल घामाघूम झाले, विभागप्रमुख जिन्यात अडकून पडले आणि शेवटी दाराची चौकट काढावी लागली. इतक्या थाटाने या खोलीत दुसरे कुणी आलेले नाही.

माझे काम काय, तर पेशी वाढवायच्या. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी प्लॅस्टिकच्या ताटल्यांत, गुलाबी रंगाच्या पोषक पाण्यात राहतात. त्यांना वाटले पाहिजे की आपण अजून शरीरातच आहोत. हे सोंग मी रात्रंदिवस वठवतो. त्यामुळे माझा स्वभाव थोडा किरकिरा झाला आहे हे मी मान्य करतो. दार जरा वेळ उघडे राहिले की मी टीं टीं करून ओरडतो. पण दुसऱ्याची लेकरे सांभाळणारा माणूस किरकिरा नसेल तर काय असेल?

मी कितीतरी जणांचे काम पाहिले. यकृताच्या पेशी, कातडीच्या पेशी, हट्टी पेशी, नाजूक पेशी. एका लांबलचक सुट्टीत सगळे मला विसरले आणि माझ्या अंगात बुरशी शिरली. सगळ्या ताटल्या फेकून द्याव्या लागल्या. तेव्हा या प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी बाह्या सरसावल्या आणि दिवसभर मला आतून घासून पुसून काढले. त्या घासताना सगळ्यांच्या नावाने खडे फोडत होत्या, मला मात्र एक शब्दही बोलल्या नाहीत. मॅडमवर माझा जीव आहे तो तेव्हापासून.

मग खारूताई आली. ती डॉक्टरेट करायला आलेली मुलगी. सदा तुरुतुरु चालणारी आणि पेन, रबर, चिकटपट्ट्या खणात साठवून ठेवणारी, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या लांबूने तिचे हे नाव पाडले. लांबू हा उंचच उंच संशोधक. कोणते विष किती झाले म्हणजे यकृताला इजा होते, हे तो शोधतो. इतक्या भयंकर विषयावर काम करणारा इतका हसरा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खारूताईचे काम एका पिवळ्या पदार्थावर होते. तो एका रानफळाच्या सालीतून काढलेला. हा पदार्थ सोबत असला तर विषाचा मार बसलेल्या पेशी कमी जखमी होत, आणि अशा जखमांतूनच पुढे कधी कधी कर्करोग सुरू होतो. म्हणून सगळ्यांना त्याचे अप्रूप होते. सगळे त्याला पिवळोबा म्हणत. आता प्रश्न असा होता की हा पिवळोबा तोंडाने घेतला तर आतड्याची भिंत ओलांडून रक्तात पोचेल का? न पोचणारे औषध काय कामाचे?

खारूताईला हा प्रश्न घरचाच होता. तिला लहानाचे मोठे केले ते तिच्या आत्याने. आणि त्या आत्याच्या आतड्याचा एक तुकडा कर्करोगापायी कापून काढलेला होता. आत्या आता ठणठणीत होती. रोज दुपारी तिचा फोन येई. खारूताईच्या हातात मोजे, म्हणून फोन माझ्या डोक्यावर ठेवलेला आणि स्पीकर चालू.

"काय गं, तुझी पोरं काय म्हणतायत?" आत्या विचारी. पोरं म्हणजे पेशी.

"वाढतायत. तू जेवलीस का?"

"जेवले की. माझं आतडं तोकडं झालंय, जीभ नाही झाली!"

लांबू आपल्या टेबलावरून खो खो हसे. मीही हसत असेन, पण ते माझ्या पंख्याच्या घुरघुरीत कुणाला कळणार?

आतड्याची भिंत कशी उभारतात ते सांगतो. एकेका ताटलीत अंगठ्याएवढे चिमुकले पेले असतात. त्यांचा तळ म्हणजे बारीक छिद्रांचा पातळ पडदा. त्यावर आतड्याच्या पेशी पेरायच्या आणि पेले माझ्या स्वाधीन करायचे. मग एक दिवसाआड पाणी बदलत तीन आठवडे थांबायचे. पेशी हळूहळू हातात हात घालतात आणि त्यांची अखंड भिंत तयार होते. मग वरून, म्हणजे आतड्याच्या बाजूने, औषध घालायचे आणि खाली, म्हणजे रक्ताच्या बाजूला, किती उतरले ते मोजायचे.

पहिल्याच खेपेला पिवळोबा भराभर खाली उतरला. खारूताईने उडीच मारली. कॉरिडॉरमध्ये केक कापला गेला. मॅडमनी केक खाल्ला, बोटे पुसली आणि म्हणाल्या, "छान. आता तो चमकणारा रंग घालून बघ."

भिंत धड असेल तर हा रंग तिच्यातून जात नाही. तो खाली उतरला तर समजायचे की भिंतीलाच भगदाडे आहेत. खारूताईने रंग घातला आणि तोही ऐटीत खाली उतरला! म्हणजे पिवळोबाचा पराक्रम वगैरे काही नव्हता, भिंतच फुटकी होती. सगळे मुसळ केरात.

तिने पुन्हा पेशी पेरल्या. तीन आठवडे गेले आणि भिंत पुन्हा फुटकी. इकडे तिचे काम तपासणारी विद्यापीठाची समिती बसायची वेळ जवळ आली. तोवर एक तरी धड भिंत दाखवता आली नाही तर पिवळोबा सोडून दुसरा विषय घ्यायचा, असे ठरले होते. खारूताईची तुरतुर मंदावली. आत्याच्या फोनला ती "हो", "नाही" एवढेच बोलू लागली.

आणि मग, मित्रांनो, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

"म्हातारा आता ऊब धरत नसणार," लांबू म्हणाला. "किती वर्षं झाली त्याला?"

माझ्या प्रत्येक कप्प्यात तापमापक खोचले गेले. माझ्या दाराचे रबर चिमटून पाहिले गेले. भंगारवाल्याला बोलवायची भाषा सुरू झाली. माझा संताप संताप झाला. मी डोळ्यांत तेल घालून ऊब राखत होतो आणि तापमापकही तेच सांगत होते, तरी संशय माझ्यावरच! बोलता येत असते तर मी एकेकाला असे सुनावले असते की बस. पण मला फक्त टीं टीं येते. त्याचा अर्थ लोक सोयीने लावतात.

शेवटी मॅडमनीच मार्ग काढला. "अगं, याला बदनाम करण्याआधी एक करू. एक ताटली तू पेर, एक मी पेरते. पेशी त्याच, दिवस तोच. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवू."

त्या दोन ताटल्या माझ्यात शेजारी शेजारी बसल्या. तीन आठवडे मी दोघींना अगदी सारखी ऊब दिली. दुजाभाव माझ्या रक्तात नाही. रंग घातल्यावर मॅडमची भिंत अभेद्य निघाली आणि खारूताईची फुटकी. माझी निर्दोष सुटका झाली! लांबूने सगळ्यांदेखत माझ्या दाराला हात जोडले.

"आता माझ्यासमोर पेर बघू," मॅडम म्हणाल्या.

खारूताईने पेशींचे पाणी पेल्यांत सोडले, झाकण लावले आणि ताटली हळुवारपणे गोल, गोल, गोल फिरवली.

"थांब! हे काय केलंस?"

"काही नाही मॅडम, सगळीकडे सारख्या पसराव्यात म्हणून..."

"गोल फिरवलंस! चहाच्या कपात चमचा फिरवला की चहापूड कुठे जमते?"

खारूताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मधोमध," ती म्हणाली. मग ती धावत सूक्ष्मदर्शकाकडे गेली. खरेच, पेशींनी मधे दाटीवाटी केली होती आणि कडेला रान मोकळे. तिथूनच रंग गळत होता. मोठ्या बाटलीत पेशी वाढवताना तिची ही सवय खपून गेली होती, या चिमुकल्या पेल्यांत मात्र तिचे बिंग फुटले. ताटली पुढे-मागे आणि डावी-उजवी हलवायची, मग स्वस्थ ठेवायची, एवढीच गोष्ट होती.

"म्हणजे मीच!" खारूताई म्हणाली आणि पोट धरून हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी हं, आजोबा." त्या दिवसापासून मी आजोबा झालो. खरे सांगतो, मला ते फार आवडले.

पुढची भिंत धड उभी राहिली. रंगाचा एक थेंब उतरला नाही. पण मित्रांनो, पिवळोबाही उतरला नाही! थोडासाही नाही. खारूताई स्टुलावर बसून राहिली. मला तिची इतकी दया आली की दार आपोआप उघडता आले असते तर मी तिला थोडी ऊब दिली असती.

पण ती फार वेळ बसणारी नव्हतीच. "मॅडम," ती म्हणाली, "तो आत जातच नाही, की जातो आणि परत हाकलला जातो?" तिने प्रयोग उलटा केला. पिवळोबा भिंतीच्या खाली घातला आणि वर किती येतो ते पाहिले. तो भसाभस वर आला. आतड्याच्या पेशींना दारवान असतात, नको त्या पाहुण्याला ते मागच्या पावली परत पाठवतात. पिवळोबा पेशींत शिरत होता आणि हे दारवान त्याला लगेच बाहेर काढत होते.

"मानगूट धरून!" लांबू म्हणाला. कोडे सुटले होते, पण औषध रक्तात पोचत नव्हते ते नव्हतेच. समितीला काय सांगायचे?

तेवढ्यात आत्याचा फोन आला. खारूताईने तिला सगळे सांगितले.

"बरं, रक्तात जात नाही म्हणतेस," आत्या म्हणाली. "मग राहतो कुठं मेला?"

"राहतो कुठं म्हणजे? आतड्यातच राहतो, आत्या. आत शिरतो, बाहेर पडतो, पुन्हा..."

ती बोलता बोलता थांबली. पलीकडे मॅडमनी मान वर केली. लांबूच्या हातातली नळी तशीच राहिली.

"आतड्यातच राहतो," खारूताई पुन्हा म्हणाली, या वेळी अगदी सावकाश. "मॅडम, आपल्याला जपायचं काय आहे? आतडंही जपायचंच ना? आत्याचा कर्करोग तिथलाच होता!"

"हॅलो? काय झालं गं? मेलात की काय सगळे?" माझ्या डोक्यावरून आत्या ओरडत होती आणि खाली तिघे जण लहान पोरांसारखे नाचत होते.

समितीने खारूताईला घोळात घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, असे लांबूने नंतर साभिनय सांगितले. पण शेवटी विषय कायम राहिला. फक्त त्याचे नाव बदलले, आता पिवळोबा रक्तात जाण्यासाठी नव्हे, तर आतड्यात राहूनच त्याची राखण करण्यासाठी तपासायचा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात आत्या स्वतः आली. ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हातात पिशवी. तिला पांढरा कोट घातला तर तो जमिनीवर लोळू लागला. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "किती गोजिरवाणी आहेत गं," ती म्हणाली. मग तिने विचारले, "तर मला कधी मिळायचं हे औषध?"

खारूताईला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती.

"तुला नाही मिळायचं, आत्या," ती म्हणाली. "अजून खूप तपासण्या आहेत. वर्षानुवर्षं जातील. मिळालंच तर माझ्या पोरांच्या वेळेला. तेही नक्की नाही."

"असं होय. मग आधी तुझ्या लग्नाचं बघायला हवं."

लांबूला ठसका लागला. आत्या स्वतःच्याच विनोदावर मनसोक्त हसली, मग पदराने डोळे टिपले आणि तळहात माझ्या दारावर ठेवला. "मला काय करायचंय आता? मी पार पडले त्यातून. पण घाईघाईत अर्धंमुर्धं काही करू नकोस हं. ज्याला मिळेल, त्याला चांगलं मिळू दे."

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शाळेत एखादे जुने यंत्र असेल तर त्याला पुसत जा, वेळेवर त्याच्याकडे बघत जा. काही बिघडले की पहिला ठपका त्याच्यावर ठेवू नका, आधी आपला हात बघा. चूक हातातच सापडली तर खुशाल पोट धरून हसा. आणि ज्या कामाचे फळ आपल्याला मिळणार नाही, ते काम जरा जास्तच नीट करा. कारण ज्याला ते मिळणार आहे, तो तक्रार करायला अजून जन्मालाच आलेला नाही.

त्या दुपारी खारूताईने नवी ताटली पेरली, पुढे-मागे, डावी-उजवी हलवली आणि स्वस्थ ठेवली. "आता किती वेळ लागतो?" आत्याने विचारले. तीन आठवडे, असे उत्तर मिळाले. आत्याने खुर्ची ओढली आणि ती माझ्यासमोर ऐसपैस बसली.