करवतीची पाळी

दांडेखारच्या जाखमातेच्या देवळात गेलात तर देवीच्या आधी करवत दिसते. गाभाऱ्याच्या चौकटीवर आडवी टांगलेली, साडेचार फूट लांब, दोन्ही कडांना बोटाएवढे दात. ही सुताराची नव्हे, माशाची. नाकाला करवत असलेला एक अजस्र मासा या दर्यात होता. तो साऱ्या गावाने ऐकलेला आहे, पाहिलेले आता थोडेच. आपल्या हातानं धरला म्हणून सांगणारा एकच माणूस उरलाय तो म्हणजे येसाजी, आणि तो न विचारताही सांगतो.

वय बहात्तर, गुडघे गेलेले, पण श्रावण लागला की येसाजीची चाल बदलायची. नारळी पुनवेच्या दोन दिवस आधी करवत खाली उतरवायची, पुनवेला तिला खोबरेल आणि हळद लावून पुन्हा चढवायची, हा मान त्याचा. गेली पंचेचाळीस वर्षं दुसऱ्या कुणाचा हात तिला लागलेला नव्हता. मुलगा सुजित आता होडी चालवतो, त्याच्या मोबाईलमध्ये मासळी दाखवणारं यंत्र आहे, पण देवळात त्याला 'करवतवाल्याचा पोर' म्हणूनच ओळखतात. येसाजीला हे फार आवडायचं.

यंदा करवत उतरवली त्याच दिवशी साक्षी आली. अलिबागकडची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, पाठीवर पिशवी आणि हातात मोजपट्टी. किनाऱ्यावरच्या देवळांतून, दर्ग्यांतून, जुन्या घरांतून अशा करवती टांगलेल्या आहेत, त्या ती मोजत फिरत होती. आधी गावाला वाटलं, सरकारकडून आलीय, करवत जप्त करणार. देवळाची झाडलोट करणाऱ्या भागुबाईने तर झाडू आडवा धरला. पोरीने शांतपणे सांगितलं की मला फक्त मोजायचीय, तुमची देवी तुमच्यापाशीच राहू दे. मग भागुबाईनेच तिला बसायला पाट दिला.

साक्षीने दात मोजले, एका बाजूला सव्वीस, दुसऱ्या बाजूला सत्तावीस. या माशाचे दात जन्माला येताना जितके, तितकेच मरेपर्यंत, हे तिने सांगितलं तेव्हा येसाजीलाही नवल वाटलं. मग तिने वही उघडली आणि विचारलं, काका, हा कुठं मिळाला?

येसाजीने ठरलेलं उत्तर दिलं. कासा किल्ल्याच्या बाहेर, अठरा वाव खोल पाण्यात.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दर्यावरचा माणूस देवाशी खरं बोलेल, वेळ पडली तर बायकोशीही बोलेल, पण मासा कुठं लागला ते खरं सांगणार नाही. उत्तरेला मिळाला तर दक्षिणेला हात करेल. हे खोटं धरतच नाहीत, ही धंद्याची रीत आहे. त्यामुळे येसाजीचं ते उत्तर गावानेही कधी तपासून पाहिलं नव्हतं. साक्षी मात्र ते जसंच्या तसं लिहून घेत होती, आणि येसाजीची नजर तिच्या पेन्सिलीवरून हलेना.

तिने पुढे जे सांगितलं त्याने तर तो पुरता अडकला. मासा पाण्यातून गेला की त्याच्या अंगाचं काहीबाही पाण्यात सुटतं, दिसत नाही, पण बाटलीभर पाण्यावरून प्रयोगशाळेत ओळखता येतं. इतक्या वर्षांत जिवंत करवत मासा कुणाला दिसला नाही, तरी एखादा उरला असेल तर पाणी सांगेल. तिच्याकडे सहाच बाटल्या उरल्या होत्या. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी होडी ठरवून ती कासाच्या बाहेर जाणार आणि साऱ्या तिथे भरणार होती. "याची मादी विणीसाठी खाडीत, उथळ पाण्यात येते," ती म्हणाली. "अशी एखादी जागा सापडली तर ती राखा म्हणून कागद करता येईल. तुमच्या माशाच्या पोटात काही होतं का, काका?"

"न्हाय," येसाजी म्हणाला. "काय नव्हतं."

घरी जाऊन तो जेवला नाही. बायकोने, कोकिळाबाईने, विचारलं तर पित्त झालंय म्हणाला. पित्त कसलं, पंचेचाळीस वर्षं पोटात ठेवलेलं वर येत होतं.

खरं असं होतं. दांडेखारच्या एका अंगाला कोळ्यांची आळी, दुसऱ्या अंगाला मुसलमान मच्छीमारांचा मोहल्ला, आणि मधून खाडी दर्याला मिळते. खाडीच्या तोंडावर दोन खुंट रोवलेत. त्यांना डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, बांधलं की ओहोटीचं पाणी आपणहून मासळी आत आणून टाकतं. जागा एक आणि दोन्हीकडची मिळून घरं चौदा, म्हणून पाळ्या. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मडक्यातून प्रत्येक घराच्या खुणेची शिंपली काढायची, आणि ज्या क्रमाने शिंपल्या येतील त्या क्रमाने एकेकाचा एकेक दिवस. चौदा झाले की पुन्हा पहिल्यापासून. पाळीवाल्याच्या घरी लग्न असो की मयत, तो आला नाही तर खुंट रिकामे राहतील, पण दुसऱ्याने तिथे दोरी बांधायची नाही. चोरी करणारा माणूस गावात चालून जायचा, पण पाळी चोरणारा नाही.

त्या साली दिवाळीनंतर एका सकाळी मोहल्ल्यातल्या हसनमियांची पाळी होती, आणि आदल्या संध्याकाळी त्यांची आई वारली. सारा मोहल्ला दफनाला गेला. हसनमियांचा मुलगा रफिक म्हणजे येसाजीचा जिवाभावाचा दोस्त, शाळेत एका बाकावरचा. येसाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला जायला हवं होतं. तो गेला खाडीवर. मासळीचा हंगाम, खुंट मोकळे, सत्तावीस वर्षांचं अंग. थोरला भाऊ रतन नको नको म्हणत होता, त्यालाही ओढून नेलं.

ओहोटी लागली आणि डोल असा हिसकला की एक खुंट कलला. दोन तास झुंजून त्यांनी तो मासा चिखलात ओढला. बैलाएवढं अंग, आणि डोळा मात्र शांत. पोट चिरलं तेव्हा आतून सात पिल्लं निघाली, हातभर लांब, हलती. त्यांच्या इवल्या करवतींवर पातळ चिकट साल होती, आईला आतून ओरखडा निघू नये म्हणून. देवाने एवढा विचार केला होता आणि आपण तिला कोयत्याने चिरलं, हे त्या क्षणी येसाजीला कळलं. त्याने सातही पिल्लं दोन्ही हातांनी उचलून खाडीत सोडली. जगतील असं त्याला मुळीच वाटलं नाही. मग मासा होडीत घालून दोघे लांबून फिरून बंदराला आले, आणि कासाच्या बाहेर मिळाला म्हणून सांगितलं. ढोल वाजले. लोकांनी येसाजीला खांद्यावर घेतलं. करवत देवीला वाहिली ती नवसाची नव्हती, भीतीची होती. रतन सात वर्षांमागे गेला, जाताना सुद्धा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाजी साकव ओलांडून मोहल्ल्यात गेला. रफिक कुवेतहून परतल्याला वीस वर्षं झालेली, तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघे धक्क्यावर बसत. पण सकाळी आणि तेही टोपी हातात धरून आलेला येसाजी पाहून रफिकची बायको अतिया दारातच थबकली. तिने चहा ठेवला. येसाजीने तो घेतला नाही. खाली मान घालून त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, दोरी कुणी बांधली, पिल्लं किती, सगळं.

रफिकने ओटीवरून खाडीकडे तोंड फिरवलं. त्याचा चेहरा इतका परका येसाजीने कधी पाहिला नव्हता.

"माझ्या दादीला माती देत होतो रे आम्ही," तो म्हणाला. "मी सारखा वाटंकडं बघत होतो. म्हटलं, येसा येल."

येसाजीला वाटलं, पाळीवरून शिव्या खाव्यात, दोन थोबाडीत खाव्यात, पण हे ऐकायला नको होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही. रफिक उठून आत गेला. आता तो बाहेर येत नाही, असं धरून येसाजी पायऱ्या उतरू लागला.

"थांब," मागून आवाज आला.

रफिकच्या हातात जुन्या लुंगीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते उलगडलं. करवत होती, दीड फुटाची, दात बारीक, पिवळी पडलेली. अतिया म्हणाली, सासूबाई हिच्यावर पापडांची दोरी अडकवायच्या.

"अब्बांच्या डोलात आलीवती," रफिक म्हणाला. "आपल्याच खुंटावर. माझ्या निकाहाच्या साली. मेलेलीच निघाली. अब्बा म्हनाले, कुनाला बोलू नको, जागा कळंल."

येसाजीने पायरीवरच बसकण मारली. रफिकचा निकाह त्या दिवाळीनंतर दोन वर्षांनी झाला होता. वऱ्हाडाची होडी येसाजीनेच हाकली होती, त्यात शंका नव्हती. ज्या खाडीत पिल्लं सोडली त्याच खाडीत दोन वर्षांनी दीड फुटी करवतीचं पोर. म्हणजे निदान एक तरी जगलं होतं. दोन वर्षं खाल्लंप्यालं होतं, वाढलं होतं. पंचेचाळीस वर्षं त्याने सात मुडदे मोजले होते, आणि त्यातला एक मुडदा नव्हताच. हा आनंद की दुःख हे त्याला कळेना, कारण ते जगलेलं पोरही शेवटी जाळ्यातच मेलं होतं. एकाने पाप लपवलं, दुसऱ्याने जागा, आणि दोघांनी मिळून खाडीची गोष्ट पुरून टाकली होती.

दोघांनी जाऊन साक्षीला सारं खरं सांगितलं आणि ती लहान करवत तिच्या हातात दिली. तिने दात मोजले, सव्वीस आणि सव्वीस. हे त्याच मादीचं पोर, असं मी सांगू शकत नाही, ती म्हणाली, पण एवढं लहान पिल्लू जन्मल्या पाण्यापासून फार लांब जात नाही. येसाजीला तेवढं पुरे होतं. तिने वहीतली कालची ओळ खोडली. पोटात काही नव्हतं म्हणालात, याचा राग तिच्या तोंडावर दिसला, पण तिने नवी ओळ लिहायला घेतली.

पुनवेला येसाजीने करवतीला हात लावला नाही. भागुबाईने तेलाची वाटी पुढे केली तर म्हणाला, उद्या शिंपल्या काढताना सांगतो, मग बघा कुणी लावायचं ते.

आणि त्याने सांगितलं. चौदा घरची माणसं धक्क्यावर जमली, मधे मडकं, आणि येसाजीने सर्वांदेखत कबूल केलं की हसनमियांची पाळी मी चोरली. एकदम गलका झाला. सुजित संतापून निघूनच गेला. चोरीची शिक्षा ठरलेली होती, जुन्या माणसांनी ती आठवून सांगितली: वर्षभर त्या घराची पाळी बंद, आणि ती ज्याची चोरली त्याला द्यायची. भागुबाईने येसाजीच्या घरची शिंपली मडक्यातून उचलून रफिकच्या तळहातावर ठेवली.

रफिकने ती उलटसुलट पाहिली. मग खिशातला चाकू काढून येसाजीच्या खुणेवर आडवे दात कोरले, एका कडेला चार, दुसऱ्या कडेला चार.

"आमची पाळी आम्हाला हाय," तो म्हणाला. "ही तिची. तिच्या दिवशी खुंटाला कुनी दोरी लावायची न्हाय."

कुणीतरी हसलं, माशाला कुठे पाळी असते का म्हणून. पण पाळी एकदा दिली की ती कुणी मोडायची नाही, हे हसणाऱ्यालाही ठाऊक होतं. शिंपली मडक्यात पडली आणि नवव्या क्रमांकाला निघाली. चौदा दिवसांतला एक दिवस म्हणजे काही फार नव्हे, साक्षीने स्पष्टच सांगितलं, पण कागदावर लिहायला मला इथून सुरुवात करता येईल. दुपारी तिची होडी कासाकडे गेलीच नाही. सहाही बाटल्या खुंटांजवळ भरल्या, आणि सहावी येसाजीने आपल्या हाताने बुडवली. त्यांचं उत्तर यायला महिने लागतील म्हणाली. संध्याकाळी दोन्ही करवती देवळात चढल्या, मोठीच्या खाली लहान. तेल रफिकने लावलं आणि हळद भागुबाईने.

तिच्या दिवसाची राखण गावाने येसाजीवरच टाकली, आणि नवव्या दिवशी पहाट फुटायच्या आत तो काठी घेऊन खाडीच्या तोंडाशी जाऊन बसला. थोड्या वेळाने रफिक थर्मास घेऊन आला.

"चोराच्याच हाती चाव्या दिल्यात गावानं," तो शेजारी बसत म्हणाला.

"म्हनून तर बरं हाय," येसाजी म्हणाला. "चोर कंच्या वाटेनं येतो ते मला ठावं हाय."

रफिकने थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला, आणि या वेळी येसाजीने तो घेतला. बराच वेळ दोघांचीही नजर पाण्यावर होती, एखाद्या करवतीचं पातं वर येतंय का म्हणून. काही आलं नाही. भरतीचं पाणी चढलं आणि दोन खुंटांच्या मधून मोकळंच आत गेलं.