हात दाबला की पाळी पुढे

बुधवारची प्रार्थनासभा संपत आली की चर्चच्या खालच्या हॉलमध्ये सगळे रिंगण करून एकमेकांचे हात धरत. एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. ज्याला जमत नसेल त्याने शेजारचा हात दाबायचा, की पाळी पुढे. वर्लीन स्टबलफील्डचा सगळा जन्म हात दाबण्यात गेला होता. नवरा गेला तेव्हा याच हातांनी तिला महिनाभर जेवण पोचवलं होतं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या त्या गावात तिला दुसरं माणूसच नव्हतं. एक मुलगी तेवढी.

आणि १९८०च्या त्या बुधवारी रिंगणात मुलीचंच चाललं होतं. रोंडा शाळेत जीवशास्त्र शिकवायची. देवाने सहा दिवसांत जग घडवलं, हे वर्गात शिकवायला तिने नकार दिला होता, आणि उद्या शाळेचं बोर्ड तिच्या नोकरीचा निकाल लावणार होतं. बोर्डातले तिघे इथंच डोळे मिटून उभे होते.

नाव मात्र कुणी घेत नव्हतं. "प्रभू, तुला ठाऊकच आहे," अशी सुरुवात करून जो तो प्रभूला सगळं सविस्तर कळवत होता: शाळेला लागलेली कीड, वॉशिंग्टनमध्ये माजलेला अधर्म, नोव्हेंबरातलं राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान. पास्टर ब्रदर टॅकेट वाक्यावाक्याला "आमेन" म्हणत होते.

पाळी सरकत आली तसे वर्लीनचे तळवे घामेजले. हात दाबला तर उद्या रोंडा विचारेल, मम्मा, तू काय म्हणालीस? नाही दाबला, तर पुढचे बुधवार काढायचे कुठं?

डावीकडचं "आमेन" झालं. उजवीकडे नडीन, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, हात दाबला जायची वाट बघत होती.

"देवा," वर्लीन म्हणाली. "तिचं नाव रोंडा. तू विसरलास म्हणून नाही, इथं कुणी घेईना म्हणून सांगते. माझी लेक आहे ती. तिला सांभाळ. मला फार भीती वाटतेय."

आमेन कुणी म्हटलं नाही. कॉफीचं भांडं तेवढं खदखदत होतं. तिने घाईघाईने नडीनचा हात दाबला.

नडीन प्रार्थनेत पट्टीची. एकदा सुरू झाली की उभ्या लोकांच्या पायांना मुंग्या यायच्या. आज ती अवाक्षर बोलली नाही. मग पलीकडच्या क्लीटसने दचकून घसा खाकरला. नडीनने जन्मात पहिल्यांदा पाळी पुढे ढकलली होती.

क्लीटस बोर्डाचा अध्यक्ष. वर्लीनच्या हातावरची नडीनची पकड अजून सैल झाली नव्हती.

"प्रभू," क्लीटस म्हणाला, आणि "तुला ठाऊकच आहे" न म्हणताच त्याने पलीकडचा हात दाबला.