धोंडिराममामांची खुर्ची

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एप्रिल महिन्यात कुठेही भीमगीतांच्या गायन पार्टीचं स्टेज लागलं, की पहिल्या रांगेत, ढोलकीच्या बाजूला एक खुर्ची धोंडिराममामांची. तिच्यावर नावबिव काही नसे, पण दुसरं कुणी बसलं तर आयोजक स्वतः येऊन उठवत. मामा काही गायक नव्हते. विक्रोळीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं प्रेस मशीन चालवून निवृत्त झालेला माणूस. पण कान असा, की भले भले गायक स्टेजवर चढले की आधी मामा आलेत का ते बघायचे.

त्याला कारण होतं. गल्लीतल्या स्टेजवर सगळे स्पीकर लोकांकडे तोंड करून ठेवलेले. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून एक बॉक्स त्याच्याकडे वळवून ठेवायचा असतो, पण तो कोण लावतो? शेजारी ढोलकी कडाडत असते. मग आपण सुरात आहोत की वाहवत गेलो, हे कळायचं कसं? तर मामांचा हात बघून. हात मांडीवर ताल धरून असेल तर बिनधास्त गा. तळहात वर उचलला तर सूर पडतोय, चढव. तळहात खाली दाबला तर जास्त चढलास, उतर. बस्स, तीन खुणा. तीस वर्षं त्या तीन खुणांवर कितीजणांची लाज राखली गेली, त्याला गणती नाही.

आणि या हिवाळ्यात मामांचे कान गेले.

अगदी ठार बहिरे नव्हते झाले. ढोलकी ऐकू यायची, ट्रक ऐकू यायचा. पण पेटी, बायकांचा वरचा आवाज, असलं बारीकसारीक सगळं पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं वाटायचं. त्यांच्या बायकोला, शकुमामीला, ते कुकरमुळे कळलं. तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करा सांगून ती खाली दूध आणायला गेली, परत आली तर डाळीचा कोळसा, आणि मामा शेजारी बसून पेपर वाचतायत.

"कान दाखवून घ्या," मामी म्हणाली.

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?"

"मग सपनाला तरी सांगा. पोरगी तुमच्या भरवशावर राहिलीय."

सपना म्हणजे त्यांच्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावरची. दिवसा लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि आठ वर्षं दुसऱ्यांच्या पार्टीत मागे उभी राहून कोरस गायची. यंदा पहिल्यांदा बॅनरवर तिचं नाव लागलं होतं. घाटकोपरला, रविवारी संध्याकाळी. मुलुंडच्या एका मंडळाची माणसं मुद्दाम ऐकायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर पुढचा कार्यक्रम तिथे, नाहीतर पुन्हा कोरस. एकदा आपटलेल्या बाईला दुसऱ्यांदा स्टेज कोण देतं, सांगा.

"मामा, तुम्ही समोर असलात ना, की मला टेन्शन नाही," ती जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली.

"मी आहे की," मामा म्हणाले.

तिथेच तोंड उघडायला हवं होतं, खोटं कशाला बोला. पण माणसाच्या वाट्याला आयुष्यात एखादाच मान येतो, तो सोडवत नाही. कारखान्यात ते टोकन नंबर होते, रेशनच्या रांगेत नुसते काका. धोंडिराममामा होते ते त्या खुर्चीत. त्यांनी मनाशी ठरवलं, गाणी आपल्याला पाठ आहेत, ढोलकीवाल्या प्रीतमचे हात दिसतात, सपनाचा चेहरा दिसतो. निभावून नेऊ.

पहिलं गाणं निभावलं. दुसरं रमाईवरचं होतं, संथ आणि वरच्या पट्टीतलं. मामांचा हात मांडीवर झकास ताल धरून होता. त्यावर विसंबून सपनाने डोळे मिटून वरचा सूर लावला.

मग मामांना पेटीवर बसलेला देवेश दिसला. तो एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होता आणि सपनाकडे बघत होता. मुलुंडची माणसं एकमेकांच्या कानाला लागली. काहीतरी बिनसलंय खरं, पण सूर पडतोय की चढतोय? आवाज तर पलीकडच्या खोलीत. मामांनी अंदाजाने तळहात वर उचलला. सपनाने डोळे उघडले, तो हात बघितला आणि जीव तोडून आणखी वर गेली. देवेशने कपाळाला हात लावला.

पोरीची वाट लागली, आणि ती आपण लावली. मामांना तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी मागे वळून बघितलं. चौथ्या रांगेत बायकांमध्ये शकुमामी बसली होती. तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. नजर स्टेजवर, आणि मांडीवरचा तळहात खाली दाबत होती, पुन्हा पुन्हा, कुणालाही न दाखवता.

मामा उठले. थेट मागे जाऊन त्यांनी तिचं मनगट धरलं.

"चल पुढे."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. मला ऐकू येत नाही."

हे ते हळू बोलले असं त्यांना वाटलं. ते चार रांगांना ऐकू गेलं. खुर्चीपर्यंतच्या त्या दहा पावलांत मामांनी मान वर केली नाही. त्यांनी मामीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी खाली सतरंजीवर बसले.

मामीने पदर खोचला आणि तळहात खाली दाबला. सपना एक ओळ गोंधळली, तिने मामांकडे बघितलं. मामांनी बोटाने मामीचा हात दाखवला. सपना उतरली. मामीचा हात आणखी थोडा दबला, मग थांबला आणि मांडीवर आला. ताल धरला. देवेश मान डोलवायला लागला.

"लागला का सूर?" मामांनी विचारलं.

मामीने दुसऱ्या हाताने त्यांचा खांदा दाबला.

कार्यक्रम संपल्यावर सपना खाली आली ती आधी मामांवरच भडकली. "मामा, सांगायचं ना मला. मी काय तुम्हाला घरी बसा म्हटलं असतं?"

"चुकलं माझं," मामा म्हणाले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"आणि मामी, तुम्हाला सुरातलं कधीपासून कळतं?"

"मला कुठलं कळतं? यांच्या मागे बसून यांचा हात बघत आले. तीस वर्षं तेच बघितलं, म्हणजे येणारच थोडंफार."

तीस वर्षांत मामांनी मागे वळून एकदाही बघितलं नव्हतं, ते त्यांना तेव्हा कळलं.

मंगळवारी सपना धावत जिना उतरून आली. मुलुंडवाल्यांचा फोन आला होता. "मामी, शनिवारी. पुढची खुर्ची तुमची, मी सांगून ठेवलंय."

मामा पेपर घडी करत राहिले. ती गेल्यावर म्हणाले, "आणि मी?"

"तुम्हाला आज संध्याकाळी कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. मशीन लावून घ्यायचं, नाटकं करायची नाहीत. तोवर खुर्ची माझी."

"आणि मशीन लागल्यावर?"

मामी कुकर गॅसवर चढवत होती. पाठमोरीच, पण त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली, "मग दोन खुर्च्या सांगू."