तेवीस श्वास

शिवणकाम करणाऱ्या बाईचे हात रिकामे बसत नाहीत हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण ते हात एक दिवस गाणं शिवायला बसतील असं कुणाच्या, अगदी त्या बाईच्याही, स्वप्नात आलं नव्हतं.

तिला घरात थोरली म्हणत. तिच्या पाठची ती धाकटी. धाकटीचा गळा गोड, थोरलीचा हात गोड. आईनं वाटणी केली ती अशी, आणि त्यावरून दोघी कधी भांडल्या नाहीत. भांडल्या त्या बाकी सगळ्यावरून.

मग धाकटीच्या घशात काहीतरी निघालं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, ऑपरेशन केलं की जीव वाचेल, आवाज मात्र राहणार नाही. धाकटीच्या लेकीला तेव्हा सातवा महिना होता.

"मग मला चार दिवस द्या," ती म्हणाली. "नातवंडासाठी अंगाई भरून ठेवते."

थोरलीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक रेकॉर्डिंगची खोली होती. तिचा मालक चाळिशीचा, गळ्यात सदा हेडफोन, म्हणून गल्लीनं त्याचं नावच हेडफोन ठेवलेलं. आवाज घुमू नये म्हणून त्याच्या भिंतींना थोरलीनंच आत कापूस भरून जाड पडदे शिवून दिले होते. त्या पडद्यांच्या उबेत बसून धाकटीनं आईची अंगाई गायली. एका दमात नाहीच. दोन ओळी, मग खोकला, मग पुन्हा त्याच दोन ओळी. तीन दुपारी गेल्या. हेडफोननं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या थोरलीनं ते मनात टिपून ठेवलं.

चौथ्या दिवशी धाकटी दवाखान्यात भरती झाली आणि इकडे हेडफोन उरलेला शेवटचा पडदा टांगायला स्टुलावर चढला. पडद्यासकट खाली आला. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"आता गं बाई!" थोरली धावत वर गेली. "आणि गाणं कोण जोडणार? पंधरा दिवसांत ती घरी येईल, आल्या आल्या विचारेल."

"जोडायचं डोकं शाबूत आहे, काकू. हात तेवढे नाहीत."

"हात माझे घे की मग. माझ्याच पडद्यानं पाडलंय तुला."

असं ते ठरलं. रोज दुपारी दुकान बंद करून थोरली वर जाई. कॉम्प्युटरच्या पडद्यावर धाकटीचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी मांडलेला असे. निळ्या पट्ट्या, आणि पट्टीत आवाज जिथे मोठा तिथे फुगलेली, हळू तिथे बारीक झालेली रेघ. हेडफोन शेजारी बसून सांगे, ती करी.

"स्पेस दाबा, वाजेल. परत दाबा, थांबेल."

"पायडलसारखं."

"अगदी. आता जिथं कापायचं तिथं बाण न्या. डाव्या हातानं कंट्रोल धरा आणि ई दाबा. हां, झाले दोन तुकडे. चुकलं तर कंट्रोल आणि झेड."

"म्हणजे उसवायचं."

"तुम्ही मला शिकवताय की मी तुम्हाला?"

"तू बोल, मी हात चालवते. उंदीर सारखा सटकतोय रे हा."

"काकू, उंदीर नाही, माउस. आणि मान धरू नका त्याची, हात नुसता ठेवा."

दोन दिवसांत तिचा डावा हात कळा न बघता शोधू लागला. तुकडा सरकवला की तो आपोआप जवळच्या उभ्या रेघेला जाऊन चिकटे; मग तिला कळलं, ऑल्ट धरून सरकवला की चिकटत नाही, ठेवू तिथे राहतो. चौथ्या दिवशी सगळ्या ओळी ओळीनं लागल्या. आईची अंगाई पहिल्यापासून शेवटपर्यंत एक झाली.

नीज माझ्या पाखरा रे, पाय थकले दिवसाचे,
दाराआड उभे चांदणे, बोट ओठांवर त्याचे.

थोरलीनं डोळे पुसले आणि हेडफोनकडे पाहून म्हणाली, "तुझं प्लास्टर निघालं की शर्ट शिवते तुला. नाही म्हणू नकोस."

"दोन शिवा. पडदा तुमचाच पडलाय ना अंगावर."

इथेच थांबली असती तर गोष्ट सरळ होती. पण दुसऱ्या दिवशी हेडफोन हात दाखवायला दवाखान्यात गेला आणि खोलीची किल्ली थोरलीकडे ठेवून गेला. ती एकटीच बसली. पट्ट्या मोठ्या करून बघता बघता तिला ओळींच्या मध्ये बारीक बारीक गुंतवळं दिसली. वाजवून पाहिलं तर नुसतं 'हुफ्'. धाकटीचा श्वास. आजारी घशातून खरखरत आत जाणारा.

आता, चाळीस वर्षं जिनं एकही कपडा लोंबत्या धाग्यांसकट गिऱ्हाईकाच्या हाती दिला नाही, तिला हे कसं बघवावं? कंट्रोल आणि ई, कंट्रोल आणि ई, मधला तुकडा धरला, डिलीट. पुढची ओळ ओढून मागच्या ओळीला टेकवली. तेवीस ठिकाणी. कात्री कशी चालते तशी बोटं चालली. सगळं कसं सपाट, इस्त्री केल्यासारखं. ते जपून ठेवून, कॉम्प्युटर बंद करून ती खाली आली, आणि स्वतःवरच इतकी खूश की संध्याकाळभर मशीनवर गुणगुणत होती.

सकाळी डोकं ताजं असताना तिनं कानाला लावून ऐकलं.

गाणं धावत होतं. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, कुणी मागे लागल्यासारखी. आवाज धाकटीचा होता आणि धाकटी त्यात नव्हती. लहानपणी एका पांघरुणात झोपताना जो श्वास थोरलीच्या मानेवर येई, तो कुठेच नव्हता. बाळाला निजवणारी बाई कुठेही श्वास घेत नव्हती.

थोरलीनं घाईनं कंट्रोल आणि झेड दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. यंत्र रात्री बंद झालं होतं; कालचं कापणं त्याच्या ध्यानात नव्हतं. कापड चुकलं तर दुसरं कापड आणता येतं. हे कापड आता कुठून आणायचं? ज्या गळ्यातून ते निघालं, तो गळा परवाच बंद झाला होता.

खाली येऊन ती सुई ओवायला बसली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.

अकराच्या सुमारास हेडफोन जिना चढताना दिसला तशी ती त्याच्या मागोमाग गेली आणि दारातच म्हणाली, "मी तिचे श्वास कापले रे."

"काय कापलं?"

"श्वास. सगळे. घाण वाटली म्हणून. आता ते येत नाहीत परत. तू मला दोन शिव्या दे, पण गप्प बसू नकोस."

त्यानं ऐकलं. हसला नाही, यासाठी ती त्याची जन्मभर ऋणी राहिली. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बसा. पुढची पट्टी जरा उजवीकडे सरकवा. मग बाण त्या पहिल्या पट्टीच्या कडेला न्या. अगदी कडेला. बाणाचा आकार बदलला?"

"कंसासारखा झाला."

"आता डावं बटण दाबून ठेवा आणि कड उजवीकडे ओढा."

तिनं ओढली. पट्टी लांबली. आणि जिथे काही नव्हतं तिथे हळूच ते गुंतवळ उगवलं, जसंच्या तसं.

"हे कुठून आलं?"

"कुठं गेलंच नव्हतं. काकू, आपण इथं कापतो ना, ते कापत नाही. नुसतं दुमडून आत ठेवतो. मूळ आवाज खाली सगळा आहे, तुम्ही त्याला हातही लावलेला नाही."

थोरलीनं त्या कडेवर बोट ठेवलं. शिवणीच्या आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचं, उद्या अंगात भरलं तर उसवून मोठं करता येतं, हे तिनं किती पोरींना शिकवलं होतं! "आधी नाही का सांगायचंस, मेल्या," ती म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. हेडफोननं डाव्या हातानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग कामाला लागली. आधी पुढचं सगळं निवडून थोडं सरकवायचं, जागा करायची. मग कड ओढायची. जागा किती करायची, हे हेडफोनला सांगता येईना. ते तिचं तिलाच ठाऊक. ऑल्ट धरून, रेघांना न जुमानता, ती एकेक श्वास त्याच्या जागी ठेवत गेली. चार दुपारी लागल्या.

वारा आला, हळू आला, चपला काढून हातात,
नीज आली त्याच्या मागे, गाणे घेऊन... गळ्यात.

त्या शेवटच्या शब्दाआधी धाकटी लहानपणापासून थांबे. आई रागवायची, ती तरी थांबायची. थोरलीनं तिथे जागा जरा जास्तच ठेवली.

तेविसावा श्वास बसवून झाला. हात शेवटच्या पट्टीच्या टोकाच्या कडेवर गेला. ती सवयीनं ओढत राहिली, आणि पट्टी वाढतच गेली. "इथं काय आहे रे?"

"गाणं संपल्यावरचं. मीच दुमडलं होतं त्या दिवशी. वाजवा."

तिनं स्पेस दाबली, ऐकलं, आणि ती कड तिथेच राहू दिली.

धाकटी घरी आली तेव्हा गळ्याला पांढरा रुमाल आणि हातात पाटी होती. घोट घोट पाणी प्यायची परवानगी मिळाली होती. ती थेट दुकानात आली. पाटीवर आधीच लिहून आणलेलं: *झालं का?*

हेडफोननं लॅपटॉप खाली आणून शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला होता. "दाबा, काकू," तो म्हणाला. थोरलीनं धाकटीचंच बोट धरून स्पेसवर ठेवलं.

धाकटी ऐकत होती. गाण्यात श्वास आला की तिची छाती वर होई. ओळ सुरू झाली की ओठ हलत. 'गळ्यात' या शब्दाआधी ती थांबली, आणि पट्टीवरचा आवाजही थांबला. दोघी एकदम पुढे गेल्या.

गाणं संपलं. थोरलीनं हात मागे घेतला, पण आवाज चालूच होता. आधी खोकला, मग खरखरीत, वैतागलेला, रोजचा आवाज: "झालं बाई एकदाचं. ताई, पाणी दे गं. अगं, बघत काय बसलीस, पाणी दे!"

धाकटीनं खडू उचलला आणि भराभर लिहिलं: *त्या दिवशी दिलंच नाहीस.*

"देणार होते! ह्यानं हात वर करून जागेवर बसवलं मला, आवाज येईल म्हणून!"

"हो, ढकला माझ्यावर," हेडफोन म्हणाला. "शेवटचं ते दुमडून टाकू का? बाळासाठी नुसतं गाणं राहील."

धाकटीनं पाटीच त्याच्या प्लास्टरवर आपटली. मग पुसून त्याच पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: *खबरदार.* आणि खाली, लहान अक्षरात, *तुझे उपकार कसे फेडू रे.*

"काकूंना विचारा," तो पाटीकडे न बघता म्हणाला. "हात त्यांचे होते."

थोरली माठाकडे गेली होती. तिनं पेला काठोकाठ भरून आणला आणि धाकटीच्या हातात दिला. धाकटीनं डाव्या हातानं पेला धरला, उजव्या हातानं पुन्हा स्पेस दाबली, आणि अंगाई पहिल्यापासून चालू होऊन संपेपर्यंत, तिचाच आवाज पाणी मागेपर्यंत, घोट घोट पीत राहिली.